बिननाण्याचा डाव

भरतेश मगदूमला या प्रकरणातून तीन गोष्टी मिळायच्या होत्या आणि तिन्ही फुकटात. पुण्याच्या खेळ-जतन केंद्राच्या भिंतीवर पितळी पाटीत नाव. बेचाळीस वर्षांपूर्वी मिरज स्टँडसमोर कलाप्पाच्या दुकानात केलेल्या विक्रमावर कुणा डॉक्टरेटवाल्या बाईची सही. आणि तिसरी, जिचं मोल पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त होतं: बायकोचा पराभव. सुजातानं लग्नापासून त्या पुरुषभर उंचीच्या लाकडी खोक्याला ‘अडगळ’ याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं. दर दिवाळीला ती विचारायची, “यंदा तरी भंगारवाल्याला बोलवू का?” आणि दर दिवाळीला भरतेश खोक्यावर नवी चादर घालायचा.

आता त्याच अडगळीसाठी डॉक्टर केतकी नाईकनवरे पुण्याहून आली होती आणि चादरीला हात लावण्याआधी “काढू का?” असं विचारत होती. भरतेशनं बायकोकडे बघितलं. सुजातानं खिडकीकडे.

खोक्यात ‘विहीर’ हा व्हिडिओ गेम होता. खेळाचं खरं नाव वर जपानी अक्षरांत होतं, ते मिरजेत कुणाला वाचता आलं नाही. एक लाल टोपीवाला आणि एक निळ्या टोपीवाला असे दोन ठेंगू गडी खोल विहिरीतून दगडादगडांवर उड्या मारत वर यायचे, म्हणून पोरांनी त्याला विहीर म्हटलं. वाटेत वटवाघळं, बेडूक, निसटते दगड, मध्येच खिंडारं. मजला संपला की एक घंटा. भरतेशनं एका नाण्यात एकोणीस घंटा वाजवल्या होत्या. पुढे कलाप्पानं दुकान मोडलं तेव्हा त्यानं हे यंत्र हातगाडीवर घालून घरी आणलं. जगात या खेळाची चालू सर्किटं किती उरलीत हे केतकीनं दीड वर्ष शोधलं होतं. उत्तर आलं, एक. ते या चादरीखाली.

“सर्किट तीन महिने लागेल,” ती म्हणाली. “हा खेळ ज्यांना दिसत नाही त्यांना खेळता यावा असा करायचाय. फक्त आवाजावर.”

“तीन कशाला, सहा महिने न्या,” भरतेश म्हणाला. उदारपणा स्वस्त असला की माणूस सढळ होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्रिशला बोलली. त्रिशला म्हणजे भरतेशची धाकटी बहीण, वय त्रेपन्न, जन्मापासून अंध. वरच्या मजल्यावर राहायची आणि जेवायला खाली यायची. “मी खेळलेय तो. नऊ वर्षांची होते. घंटेपर्यंत जायचे. निळी टोपी माझी.”

केतकीचा कप हवेत थांबला. “मूळ यंत्रावर? कसल्याही मदतीशिवाय?”

“कानावर. अण्णानं शिकवलं. काय रे अण्णा?”

“हूं,” अण्णा म्हणाला आणि त्याला ठसका लागला. सुजातानं पाठीवर थापट्या मारल्या. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला चहाचा ठसका लागलेला तिनं पाहिला नव्हता. तिनं तो लक्षात ठेवला.

खरी हकिगत अशी होती. शाळा सुटल्यावर आई भरतेशला दोन नाणी द्यायची. एक तुझं, एक तिचं, आणि तिला सोबत ने. कलाप्पाकडे विहिरीची दोन यंत्रं शेजारी शेजारी होती. भरतेश एकावर खेळायचा, दोन्ही नाण्यांवर. बहिणीला दुसऱ्या यंत्रापुढे स्टुलावर उभं करायचा आणि तिचा हात हँडलवर ठेवायचा. नाणं न टाकलेलं यंत्र गप्प बसत नाही. गिऱ्हाईक ओढायला ते स्वतःच एक डाव खेळून दाखवतं. तो डाव कारखान्यातच आत भरलेला असतो आणि दर वेळी तोच असतो. त्याला डेमो म्हणतात. त्रिशला हँडल ओढत राहायची, आत निळी टोपी तिच्या हाताशी काही संबंध न ठेवता उड्या मारायची, घंटा वाजायची, आणि शेजारून भरतेश मान न वळवता म्हणायचा, “वाजवलीस बघ!”

पहिल्या दिवशी त्याला फक्त नाणं हवं होतं. पुढे त्रिशला घरी, शाळेत, शेजारीपाजारी घंटेची गोष्ट सांगायला लागली, आणि खोटं कबूल करायचा खर्च दर वर्षी वाढत गेला. एकोणिसाव्या वर्षी ती सतारमेकर गल्लीत हमीदचाचांच्या कारखान्यात गेली आणि म्हणाली, मला जवारी शिकवा. तंबोऱ्याची तार हाडाच्या ज्या घोडीवर टेकते, तिची पाठ कानशीनं केसाएवढी उतरती करायची, म्हणजे आवाज उघडतो आणि गुंजत राहतो. चूक झाली तर तार मुकी. हे काम जवारी. चाचा म्हणाले, “बेटी, न बघता कसं करशील?” ती म्हणाली, “व्हिडिओ गेम खेळलेय मी, चाचा.” चाचा इतके हसले की नाही म्हणायचं विसरले. आज धारवाडपासून कोलकात्यापर्यंतचे तंबोरे जवारीसाठी तिच्याकडे येतात. एका चोरलेल्या नाण्यावर इतका परतावा कुठल्या पतपेढीनं दिलेला नाही.

केतकी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात हजर झाली. त्रिशला हातातली घोडी खाली न ठेवता म्हणाली, “तुझं यंत्र पडदा बघणार आणि मला सांगणार, डावीकडे बेडूक, उजवीकडे बेडूक. तोवर बेडूक चावून परत जाईल की.”

“पडदा बघायचाच नाही,” केतकी म्हणाली. “खेळाच्या मेमरीत एक तक्ता असतो, वर्गातल्या हजेरीपटासारखा. आत्ता विहिरीत कोण कोण आहे, प्रत्येकजण कुठे आहे, काय करतोय. सेकंदाला साठ वेळा तो नव्यानं लिहिला जातो. टीव्हीवरचं चित्र त्याच्यावरूनच काढतात. चित्र म्हणजे नक्कल, अस्सल कागद तो हजेरीपट. आपण तोच थेट कानावर वाचायचा. बेडूक डावीकडे आहे असं सांगायचं नाही. बेडूक डावीकडून ऐकू यायचा.”

त्यासाठी तिनं त्रिशलाच्या कानांत तांदळाएवढे माइक बसवले आणि खोलीच्या सगळ्या बाजूंनी आवाज वाजवून मापं घेतली. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जरा उशिरा. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावर दिशा काढतो. आवाज वरून आला की खालून, हे कानाच्या पाळीच्या घड्या ठरवतात, आणि त्या घड्या प्रत्येकाच्या निराळ्या. एकाची मापं दुसऱ्याला चालत नाहीत, चपलेसारखीच. मापं घेतल्यावर कानामागे बसणाऱ्या पातळ पट्टीतून आवाज असा सोडता येतो की ऐकणाऱ्याला वाटावं, वटवाघूळ खरंच डोक्यावरून गेलं.

वटवाघळाला पतंगाच्या कागदाची फडफड दिली. बेडकाला डग्ग्याचा घुमारा. अडलं ते खिंडारापाशी. जे नाहीच त्याला आवाज काय द्यायचा? केतकीनं शिट्टी लावून पाहिली, वारा लावून पाहिला. त्रिशलानं दोन्हींना नाक मुरडलं. तीन आठवडे गेले. मग एका दुपारी तंबोरा लावता लावता त्रिशला म्हणाली, “जमिनीला आवाज दे. तंबोऱ्यासारखा, सतत. जिथे तो तुटेल तिथे खिंडार.”

“आणि निसटता दगड?”

“त्याची जवारी गेलेली असू दे. मुका. मला झोपेतसुद्धा कळेल.”

केतकीनं त्या दिवशी पुण्याला फोन करून सांगितलं की खेळ जमला. पुण्याला खेळापेक्षा रस्त्यात रस होता. गेल्या चार वर्षांपासून प्रत्येक नवी गाडी आपण कुठे आहोत, कुठे चाललो आहोत हे सेकंदाला दहा वेळा रेडिओवरून आजूबाजूच्या गाड्यांना सांगते, टक्कर होऊ नये म्हणून. तोही हजेरीपटच. तो कानावर वाचता आला तर ज्याला दिसत नाही असा माणूस स्टँडसमोरचा रस्ता एकटा ओलांडेल. पण कानाला सवय हवी, आणि सवय होताना मेलं तरी पुन्हा उठता येईल अशी जागा हवी. विहीर तशी जागा होती. सहा अंध शिकाऊ निवडले गेले आणि त्यांची पुढारी त्रिशला, कारण केंद्राच्या पत्रकात छापलंच होतं: ‘मूळ खेळ खेळलेली एकमेव अंध खेळाडू.’

ते पत्रक भरतेशनं तीनदा वाचलं आणि सरळ केतकीला गाठलं.

“मॅडम, तो डेमो काढून टाका. उगीच कटकट असते.”

“मूळ खेळातलं काहीही काढायचं नाही, असा केंद्राचा नियम आहे.”

“पण कुणी बघत नाही हो तो.”

“तुम्ही बघितलाय?”

“मी? मी कशाला बघतोय! मी खेळत असायचो.”

हे त्याच्या आयुष्यातलं विहिरीबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य होतं. नियमापुढे काही चालेना, तेव्हा त्यानं तांत्रिक मार्ग धरला. सर्किटवर नखाएवढ्या पांढऱ्या बटणांची एक रांग होती. त्यातलं सहावं बटण डेमोचा आवाज बंद करायचं. कलाप्पा दुपारी डुलकी काढायच्या आधी तेच दाबायचा. भरतेश “धूळ पुसतो” म्हणून सर्किटापाशी बसला आणि सहावं बटण खाली करून उठला. त्या रात्री त्यानं दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. सुजातानं याचीही नोंद घेतली.

भरतेशला यंत्र बाहेरून पाठ होतं. सहावं बटण यंत्राच्या भोंग्याचं तोंड बांधत होतं. केतकीची पट्टी भोंगा ऐकतच नव्हती, ती हजेरीपट वाचत होती. गुरुजींनी वर्गाला गप्प बसवलं म्हणून पटावरची नावं पुसली जात नाहीत.

खोकं कारखान्यात आणून खेळ पहिल्यांदा पूर्ण जोडला गेला तेव्हा तिथे तिघंच होती. त्रिशलानं पट्टी लावली, हात पुसले. केतकीला फोन आला म्हणून ती अंगणात गेली. यंत्रानं मिनिटभर वाट बघितली, कुणी सुरुवात करेना, तेव्हा ते आपलं आपण खेळायला लागलं.

त्रिशलाचे हात मांडीवर होते. भरतेश बघत होता. आधी तिची मान जरा कलली. मग बोटं हलायला लागली, ठेका धरावा तशी. दोन उड्या. थांबा. तीन उड्या लागोपाठ. पुन्हा थांबा, जरा लांब. डाव संपला आणि नव्यानं सुरू झाला. या खेपेला तिची बोटं उडीच्या आधी पडत होती.

“अण्णा.”

“काय गं?”

“हँडलवर कुणाचा हात आहे?”

“कुणाचा नाही. तो आपला असाच...”

“आता बेडूक येईल. हा उशिरा उडी मारणार. मग घंटा.” पट्टीत घंटा वाजली असावी, कारण तिनं मान हलवली. “आणि आता डावीकडे पडणार. मी दर वेळी डावीकडेच पडायचे. तू म्हणायचास, घाई करतेस.”

भरतेशनं खोक्याकडे पाहिलं. पडद्यावर निळी टोपी डावीकडे कोसळत होती.

“मी रात्री अंथरुणात सराव करायचे,” त्रिशला म्हणाली. “उजवीकडे वळायचा. चादरीवर.”

“त्रिशे...”

“आणि माझं नाणं?”

“मी... मीच खेळायचो.”

“रोज?”

“रविवारी दुकान बंद असायचं.”

केतकी परत आली तेव्हा त्रिशलानं पट्टी काढून ठेवली होती आणि कानस हातात घेतली होती. त्या दिवशी तिनं एक घोडी वाजवीपेक्षा जास्त घासली. चौतीस वर्षांत पहिली.

पुढचे सतरा दिवस मगदूमांच्या घरात संभाषण सुजातामार्फत चाललं.

“वहिनी, अण्णांना म्हणावं मीठ इकडे द्या.”

“द्या हो मीठ. नाहीतर तेही स्वतःच खाल.” सुजाताला सगळं कळलं होतं. ठसका आणि भाकऱ्या यांची बेरीज तिनं आधीच करून ठेवली होती, फक्त कशाची ते कळायचं राहिलं होतं. “एकोणीस घंटा म्हणे! सराव कुणाच्या जिवावर केलात ते सांगितलंत का पुण्याच्या बाईंना?”

भरतेश मीठ द्यायचा.

त्रिशलाच्या मनात काय होतं? भाऊ खोटं बोलला, हे तिनं तिसऱ्या दिवशीच पचवलं होतं. भाऊ खोटं बोलतात, बारा वर्षांचे तर बोलतातच. पचत नव्हतं ते वेगळंच. खरा डाव, खरं हँडल, आपल्या कानांच्या मापाचा आवाज, जमिनीला स्वतः दिलेला तंबोरा, आणि ती नऊ सेकंदांत मेली. दुसऱ्यांदा अकरा. आठवड्यानं चौदा. वटवाघळांच्या पलीकडे तिचा पाय गेला नाही. ‘मी घंटेपर्यंत जायचे’ या वाक्यावर उभं राहून तिनं शाळा केली होती, चाचांना गाठलं होतं, ती एकटी बेळगावला गाडीनं गेली होती. आता त्या वाक्याखाली हात घालून पाहिला तर दगड मुका. आणि मजा अशी की एवढी वर्षं उभी राहिलेली ती काही पडली नव्हती. हे तिला कळत होतं, पण कळून बरं वाटत नव्हतं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. केतकीलाही नाही. पत्रक तसंच राहिलं. शिकाऊ तिला ‘घंटावाल्या बाई’ म्हणत होते आणि ती ऐकून घेत होती.

त्या सहांत गुलाब नदाफ होते. निवृत्त हवालदार, बासष्ट वर्षांचे, साखरेनं डोळे नेलेले. घरासमोरच्या रस्त्यापलीकडे चहाची गाडी होती. तिथे उभं राहून चहा प्यायची तीस वर्षांची सवय दोन वर्षांपूर्वी मोडली. मुलगा थर्मासमधून तोच चहा घरी आणायचा, पण नदाफ म्हणायचे, तो चहा नव्हे, तो औषधाचा डोस. त्यांना विहीर नको होती, रस्ता हवा होता. पण विहीर पार केल्याशिवाय रस्ता नाही.

अठराव्या दिवशी त्यांनी पट्टी कानांवरून काढून त्रिशलाच्या हातात ठेवली.

“बाई, ही घ्या. आमचं काम नव्हे.”

“काय झालं, हवालदार?”

“अकरा सेकंद. पंधरा दिवस झाले, अकराच. तुम्ही नऊ वर्षांच्या पोरी असताना घंटा वाजवलीत, ते पण या पट्टीशिवाय. मी तीस वर्षं चोर पकडले, मला एक बेडूक सापडंना. एकेकाच्या अंगात असतं बाई, एकेकाच्या नसतं. थर्मासचा चहा काही वाईट नसतो.”

आणि काठी टेकत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते गेले.

त्रिशला संध्याकाळपर्यंत ती पट्टी हातात घेऊन बसली. आता गोष्ट सरळ होती. घंटा ठेवायची तर हवालदार जात होते. हवालदार ठेवायचे तर घंटा द्यावी लागणार होती, आणि ती दिली की हातात उरणार होते चौदा सेकंद.

ती पट्टी घेऊनच खाली आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा भावाशी सरळ बोलली. “अण्णा, चप्पल घाल. नदाफांकडे जायचंय.”

“मी?”

“तूच. सांगणारा तू, मी बसणार.”

सुजातानं त्याची चप्पल आणून पुढ्यात ठेवली. लग्नानंतर प्रथमच.

नदाफांच्या बाहेरच्या खोलीत भरतेशनं सगळं सांगितलं. सुरुवात त्यानं हवामानापासून केली, पण त्रिशलानं घसा खाकरल्यावर नाण्यावर आला. हवालदार मान खाली घालून ऐकत होते, जबाब घेताना ऐकत असतील तसे.

“म्हणजे चोरी,” शेवटी ते म्हणाले.

“लहान होतो हो मी. बारा वर्षांचा.”

“अल्पवयीन आरोपी. मुद्देमाल?”

“खेळून संपला.”

“किती दिवस चाललं?”

“दोन... अडीच वर्षं.”

“अरारारा. सराईत.” हवालदारांनी त्रिशलाच्या दिशेनं तोंड वळवलं. “आणि बाई, मग तुमची खरी मजल किती?”

त्रिशलानं मांडीवरची पट्टी सरळ केली. मग म्हणाली, “चौदा सेकंद.”

“चौदा?”

“काल चौदा. परवा तेरा.”

“म्हणजे आपल्यात तीन सेकंदांचा फरक!” नदाफ सरळ बसले. दोन वर्षांत त्यांची पाठ इतकी ताठ झाली नव्हती, असं त्यांची बायको नंतर सांगत होती. “तीन सेकंद म्हणजे काय? एक बेडूक! आणा ती पट्टी इकडे. बाई, उद्या किती वाजता?”

“दहाला.”

“मी साडेनऊला येतो. आणि मगदूम, तुम्हीबी या. आरोपीनं हजेरी लावायची असते.”

अशा रीतीनं भरतेश रोज कारखान्यात जाऊ लागला. केतकीनं त्याच्याही कानांची मापं घेतली, कारण रिकाम्या बसलेल्या माणसाला ती बघू शकत नसे. त्रिशलानं केतकीलाही सांगून टाकलं. केतकीनं पुण्याला फोन करून पत्रकातली ओळ मागे घेतली, त्यावरून देणगीदारांचं बोलणं ऐकून घेतलं आणि परत येऊन म्हणाली, “एका अर्थी बरं झालं. जन्मजात हुशारीचा पुरावा कुणाला हवाय? शिकता येतं, याचा हवाय.” तिला हे आधीच सुचलं असतं तर पत्रकाचे पैसे वाचले असते, पण शास्त्रज्ञांना शहाणपण खर्चानंतरच सुचतं.

आणि शिकता आलं. वीस सेकंद. एकतीस. नदाफांनी वटवाघळं ओलांडली त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला, थर्मासमधला. त्रिशलाला एक गोष्ट सगळ्यांआधी कळली: चित्रात नसलेले दगडसुद्धा हजेरीपटावर असतात. पडद्याच्या वरच्या कडेबाहेर, अजून न दिसलेले. डोळ्यांनी खेळणाऱ्याला ते समोर आल्यावर कळायचे, तिला आधीच गुंजताना ऐकू यायचे. भरतेश हे ऐकून म्हणाला, “ही लबाडी झाली!” मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो घाईनं पट्टी पुसायला लागला.

पाच आठवड्यांनी नाट्यगृहात जाहीर प्रयोग झाला. पडदा प्रेक्षकांसाठी होता, आणि पट्टीतला आवाज त्यांना भोंग्यांवर ऐकू येत होता. खेळणारे त्याच्याकडे पाठ करून बसायचे, पट्ट्या लावून. सगळे शिकाऊ खेळले. नदाफांनी पंचावन्न सेकंद काढले आणि उठून सलाम ठोकला. शेवटी त्रिशला पुढे आली. तिनं माइक घेतला आणि म्हणाली, “मी हा खेळ पावणेदोन महिने खेळतेय. त्याआधी लहानपणी मी एका हँडलला धरून उभी असायचे, ते कशालाच जोडलेलं नव्हतं. पण हाताला छान वाटायचं.” लोक हसले. तिनं नाव कुणाचं घेतलं नाही. “आता जोडीनं खेळते. लाल टोपी आमच्या अण्णांची. इथे विक्रमवीर तेच आहेत.”

भरतेश उठला. पडद्याकडे पाठ करून बसायची वेळ त्याच्यावर या खोक्यापुढे कधी आली नव्हती. कारखान्यात त्यानं सराव केला होता, पण त्याचे कान अजून डोळ्यांची वाट बघायचे. प्रत्येकाला तीन जीव. पहिला त्यानं वटवाघळाला दिला. दुसरा खिंडारात. तिसरा एका मुक्या दगडावर, जो मुका आहे हे चौथ्या रांगेतल्या सुजातालासुद्धा कळलं होतं. चाळीस सेकंदांत विक्रमवीर संपला. त्रिशलाचे तिन्ही जीव शाबूत होते आणि ती वर चढत होती.

मूळ खेळात एक सोय होती. जोडीतल्या एकाचे जीव संपले की त्यानं बटण दाबायचं, जोडीदाराचा एक जीव त्याच्याकडे येतो. विचारायची भानगड नाही. खेळ बनवणाऱ्यानं तो प्रश्न जोडीदारांवर सोडला होता. भरतेशचं बोट बटणावर गेलं. नाट्यगृह बघत होतं. बोट तसंच राहिलं.

“त्रिशे,” तो म्हणाला, “एक घेऊ का?”

“घे की.”

तो जीव त्यानं बेडकापाशी घालवला.

“अजून एक?”

“घे. पण उजवीकडे राहा. घाई करतोस तू.”

मागून नदाफांचं हसू सगळ्यांना ऐकू आलं. तो जीव त्यानं बराच लांब नेला, बहिणीच्या मागोमाग, तिच्या उडीवर उडी टाकत, आणि घंटेच्या एक दगड अलीकडे घालवला. मग तो हँडल सोडून नुसता ऐकत बसला. त्रिशला एकटी वर गेली. घंटा वाजली, आणि ती उजवीकडे वळून उभी राहिली.

त्या डावात पाच जीव खर्ची पडले. पाचही लाल टोपीनं घालवले. त्यांतले तीन भरतेशचे स्वतःचे, दोन त्याच्या बहिणीनं भरले, विचारल्यावर.